म्हशीचे फोटो

आईच्या वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला तिचा एक धड फोटो सापडेना. शेवटी मी वडिलांचा, म्हणजे आबांचा, छोटा कॅमेरा मागितला. पहिल्या पगारातून मीच घेऊन दिलेला, अजून त्यांच्या खिशात असतो.

"त्यात म्हशीचं फोटू हाईत नुसतं," आबा म्हणाले.

ते आख्ख्या घराला माहीत होतं. आमचं बावडा गावातलं घर एकत्र कुटुंबाचं. आजीसमोर बायकोचा फोटो काढायची आबांची काय बिशाद! ते आपले घराच्या पुढच्या सोप्यात बसून, झूम लावून, रोज गोठ्यातल्या म्हशीचा फोटो काढायचे. म्हैस कायम धूसर यायची. "आबा, तुम्हास्नी झूम जमंना की!" म्हणून आम्ही हसायचो. आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसायची.

तरी कॅमेरा चालू केला. म्हैस धूसर. पुढच्या फोटोतही धूसर. एवढ्याशा पडद्यावर दिसेना, म्हणून मी फोटो मोठा करून बघितला. म्हशीच्या पलीकडं शेणाची बुट्टी घेऊन आई उभी होती, कपाळावरच्या घामासकट स्पष्ट. पुढच्या फोटोत ती वैरण टाकत होती. त्याच्या पुढच्यात सरळ आबांकडं बघून हसत होती. असे शेकडो.

"वर्षा, पुढचं नको बघूस," आबा म्हणाले.

मी शेवटचा फोटो उघडला. आज सकाळचाच होता. त्यात म्हैस अगदी स्पष्ट आली होती.