करमतं का?

पुंडलिकनगरच्या दवाखान्यात तनुजा डॉक्टर महिनाभर प्रत्येक पेशंटला नैराश्य ओळखण्याच्या प्रशिक्षणात मिळालेल्या कागदावरचा प्रश्न विचारत होत्या, "उदास वाटतं का?" प्रत्येकजण म्हणायचा, "नाय." आज कस्तुराबाईही तेच म्हणाल्या आणि सवयीनं कॉटवर आडव्या झाल्या. "अंगात ताकदच नाय, मॅडम. सलाईन लावा." हे पाचवं सलाईन होतं; रिपोर्ट तर सगळे चांगले. बाटली टांगताना डॉक्टरांना एकदम वाटलं, 'उदास' हा शब्द घरात बोलतं कोण? त्यांनी सुई खाली ठेवली. "मावशी, करमतं का?" कस्तुराबाई उठून बसल्या. "मेंढरं इकून इथं आलो तव्हापासून नाय करमत. घासबी उतरंना." शब्द सापडला होता. डॉक्टरांनी घाईघाईनं खुर्ची कॉटजवळ ओढली. कागदावरचे बाकीचे प्रश्नही याच बोलीत विचारले; सलाईन लावलंच नाही. पुढच्या मंगळवारी कस्तुराबाई शेजारणीला घेऊन आल्या. "हिलाबी बाटली नका लावू. आधी करमतं का ते इचारा."