बहिणीचा नकार

दस्तलेखक सुखरामच्या टिनाच्या शेडसमोर तुमसरची काळीपिवळी जीप थांबली आणि तिच्यातून सत्यभामाबाई उतरली. तिला पाहून गोमाजीच्या तोंडातला चहाचा घोट तोंडातच राहिला.

थोरली बहीण आज मोहाडीला यायचीच नव्हती. ती बपेऱ्याला आपल्या घरी, धानाच्या रोवण्यात गुंतलेली असायला हवी होती. तिच्या नावावर गोमाजीनं एक खोटं रचलं होतं, आणि ते तिच्या लांब राहण्यावरच टिकून होतं.

करडी गावातलं घर रत्नमाला मॅडमला द्यायचं त्यानं आपल्या तोंडानं कबूल केलं होतं. मॅडम गावातल्याच शाळेत शिकवायची. इसार घेताना तो तिला म्हणालाही होता, पोरी, आजपासून घर तुझंच समज. मग एका संध्याकाळी गल्लीतली मंडळी त्याच्या पडवीत येऊन बसली. मॅडम बौद्ध आहे, मग दर गुरुवारी या पडवीत होणारं भजन आता कुठं बसवायचं, असं एकानं अगदी सरळपणानं विचारलं. दुसरा हसला, म्हणाला, गोमाजीनं घराबरोबर टाळ पण विकून टाकले वाटते. सप्ताहात कीर्तनकाराच्या मागं उभं राहून टाळ धरणारा, सगळी देवाचीच लेकरं हे ऐकताना डोळे पुसणारा गोमाजी त्या संध्याकाळी खाली मान घालून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सुखरामला गाठलं. इसार घेतल्यावर विकणाऱ्याला माघार घेता येते का? सुखराम म्हणाला, उगाच नाही घेता येत, घेणारा कोर्टात जाईल. पण घर बापाचं आहे, बहिणीचाही त्यात हिस्सा आहे, ती सही द्यायला तयार नसेल तर गोष्ट वेगळी. सुखरामनं कायदा सांगितला. गोमाजीनं त्यातली पळवाट तेवढी उचलली. बहीण नाही म्हणते, असा निरोप त्यानं रत्नमालाला धाडला, आणि बहिणीला मात्र यातलं अक्षरही कळवलं नाही. आज खरेदीखताची तारीख होती. इसार परत करून मोकळं व्हावं, म्हणून तो आला होता.

रत्नमाला बाकावरून उठली. तिनं सत्यभामाबाईला बसायला जागा दिली, पाणी दिलं. मग गोमाजीकडे वळून म्हणाली, "काका, मी बपेऱ्याला जाऊन आले. आत्याबाई शेतात, धानाच्या बांधीत होत्या, भेट नाही झाली. सुनेजवळ निरोप ठेवला, की एकदा मोहाडीला या. काय अडचण आहे, ते त्यांच्याच तोंडून ऐकावं म्हटलं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर गोमाजीला बरं वाटलं असतं.

सुखरामनं चष्मा कपाळावर चढवला. "बाई, घर विकाले तुमची ना आहे म्हणते भाऊ. काहून ना आहे?"

सत्यभामाबाई पदरानं मानेवरचा घाम पुसत होती. तिचा हात थांबला. तिनं भावाकडे पाहिलं. गोमाजीनं कपातली चहाची साय बोटानं बाजूला करायला घेतली. साय नव्हतीच. कप केव्हाचा रिकामा झाला होता.

आता ही विचारणार, मी कधी ना म्हणली रे? सुखराम ऐकेल, शेजारचा झेरॉक्सवाला ऐकेल, उद्या करडीभर होईल. ते सगळं त्याला चाललं असतं. पण समोर रत्नमाला उभी होती.

"होय," सत्यभामाबाई म्हणाली. "म्यानंच ना म्हणलं होतं."

सुखराम वाट पाहत राहिला.

"माय-बापाचं घर आहे. जीव अडकला होता माहा, दुसरं काही नाही. लालची म्हणा का काही म्हणा." मग ती रत्नमालाकडे वळली. "पोरी, तुले खेपा पडल्या माह्यापायी. राग नोको धरू. आण गा सुखराम, कुठं सही कराची हाये?"

रत्नमालानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग गोमाजीकडे. तिला सगळं कळलं होतं, हे गोमाजीला कळलं. ती एवढंच म्हणाली, "तुमच्यावर कशाला राग धरू, आत्या?"

नकाराचा निरोप जाण्याआधीच दस्त टाइप करून तयार होता. सुखरामनं त्यात संमती देणार म्हणून सत्यभामाबाईचं नाव घातलं आणि सगळे शेजारच्या निबंधकाच्या कार्यालयात गेले. पायऱ्या चढताना गोमाजी बहिणीच्या मागं राहिला. बाई, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

"गल्लीतल्यायनं सांगतलं का?" तिनं मागं न बघता विचारलं.

तो आणखी एक पायरी मागं पडला.

"मले एक फोन करतास, गोमा. मी आली असती त्यायच्याशी भांडाले."

आत सह्या झाल्या, अंगठे झाले. आधी रत्नमालाचा फोटो निघाला. मग गोमाजी कॅमेऱ्यासमोरच्या स्टुलावर बसला. संगणकावरची मुलगी म्हणाली, काका, इकडं पाहा. त्यानं पाहिलं, पण कॅमेऱ्याच्या मागंच रत्नमाला उभी होती, आणि त्याची मान आपोआप खाली गेली.

"काका, चेहरा येऊन नाही राहिला. मान वर करा."

त्यानं केली. पुन्हा खाली गेली. मागच्या रांगेतून कुणीतरी घाई करा म्हणालं.

तेव्हा सत्यभामाबाई पुढं झाली. चिखलानं फुगलेली, रोवण्यानं चिरलेली दोन बोटं तिनं भावाच्या हनुवटीखाली लावली, लहान पोराचं तोंड पुसायला धरावं तशी, आणि कॅमेरा वाजेपर्यंत काढली नाहीत.