शीरखुर्म्याच्या वाट्या

फहदची वाटी रिकामी झाली आणि शीरखुर्म्याखालून एक दाढीवाला निघाला. डोक्यावर वेलीचा मुकुट, कोचावर आडवा, हातात तसलीच वाटी. फहद हसला.

सायराही हसली. ईदचा दुसरा दिवस, आखातातल्या मोहम्मद बिन झायद सिटीतला तिचा फ्लॅट आणि समोर होणारा जावई. त्याच्या आईच्या, रशीदाभाभीच्या तोंडून 'हो' आलं की लेकीचं, अरफाचं लग्न पक्कं. अरफालाही मुलगा मनापासून आवडला होता. म्हणून तर सायराने रोजचे काचेचे बाऊल बाजूला सारून या नक्षीच्या, दोन कानांच्या वाट्या काढल्या होत्या. नवरा कमरुद्दीन हॉटेलात स्टोअरकीपर. तिथलं ग्रीक रेस्टॉरंट बंद झालं, तेव्हा मॅनेजरने त्याला दिलेल्या. "सूपच्या असतील," तो म्हणाला होता. तळाचा माणूस सायराने धुताना पाहिला होता. असेल कुणी राजा, सरबत पीत असेल, तिला काय त्याचं!

"आंटी, हा तर वाइनचा प्याला," फहद म्हणाला. "जुने ग्रीक लोक मैफलीत यातून प्यायचे. संपली की चित्र दिसतं, तीच मजा. घरच्या बायकांना तिथे एन्ट्रीच नसायची." त्याने दोन्ही कान बोटांत धरून वाटी सफाईने तोंडाशी कलती केली. "असा धरायचा. आमच्या ऑफिस पार्टीत तर एका दमात खलास करावा लागतो."

रशीदाभाभीने चमचा खाली ठेवला. "तौबा. आणि यात आम्हाला शीरखुर्मा वाढलात?"

सायरा झटकन उठली. "माफ करा भाभी, आम्ही अडाणी माणसं. आम्हाला काय ठाऊक?" ती भराभर वाट्या गोळा करू लागली. मुलीकडचे ना, माफी त्यांनीच मागायची. कमरुद्दीन मान खाली घालून बसला होता.

"मम्मी, व्हाय आर यू सॉरी?" दारात उभी अरफा म्हणाली. "आपल्याला ठाऊक नव्हतं. यांना ठाऊक आहे."

फहदचं हसू मावळलं. रशीदाभाभीने मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. ओढणी सारखी करत ती उठली. "मुलीची जीभ फार चालते हो, सायरा."

आठवड्याभरात रत्नागिरीहून सायराच्या बहिणीचा फोन आला. लग्न का फिसकटलं, ते गावभर झालं होतं. कमरुद्दीनच्या घरात म्हणे दारूची भांडी निघाली. बरं तर बरं, मुलगा जाणता होता, बघताक्षणी ओळखली.