मनगटापर्यंत

गळ्यात कायम माप घ्यायची टेप, म्हणून शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंना सगळे टेपवाल्या काकूच म्हणायचे. मागच्या महिन्यात त्यांच्या नववीतल्या लेकीच्या फोटोखाली अख्ख्या वर्गाने नाही नाही ते लिहिलं, तेव्हा काकूंनी मशीनवरची नजरही न हलवता निकाल दिला होता, "फोनमधलं फोनमध्येच सोडून द्यावं. त्याने काय अंगावर ओरखडा उठतो?"

आणि आज, ऐन उकाड्यात, दोन दिवस घरातही जाकीट न काढलेली लेक आपणहून म्हणाली, "आई, शाळेच्या शर्टांना मनगटापर्यंत बाह्या लावून दे ना."

काकू अशा हरखल्या की पायाखालचं मशीन थांबलं. हातातलं कापड बाजूला टाकून त्यांनी आधी पोस्ट टाकली : 'लोकांच्या मुली बाह्या कापून घ्यायला येतात, माझी वाढवून मागते. याला म्हणतात वळण!' पाच मिनिटांत एकेचाळीस बदाम आले. ज्या नणंदेने आजवर त्यांच्या चहालाही बरं म्हटलं नव्हतं, तिनेसुद्धा टाळ्या पाठवल्या.

"चल, आता माप घेतानाचा व्हिडिओ टाकू," गळ्यातली टेप ओढत काकू म्हणाल्या. "काढ ते जाकीट आणि हात कर पुढे."

लेकीने दोन्ही हात पाठीमागे नेले.



"अंदाजानेच शिव ना, आई. मनगटाला टेप नको लावूस, झोंबतं."