कोमलची चोरी

"सापडली!" शीतल एवढ्या जोरात ओरडली, की जनकाबाई हातातली पळी तशीच घेऊन बाहेर आल्या.

"काय सापडलं गं?"

"चोरी, आई. त्या कोमलची चोरी."

मोबाईलवर एक जुनं पुस्तक उघडलं होतं. कुणीतरी त्याची पिवळी पानं स्कॅन करून फुकट वाचायला ठेवली होती. लेखकाचं नाव शीतलनं कधी ऐकलेलं नव्हतं, पण समोरच्या पानावरची गोष्ट तिला तोंडपाठ होती. कुरुंद्याच्या कोमलनं स्वतःची म्हणून साईटवर टाकलेली गोष्ट होती ही. ओळ न् ओळ तीच.

हौशी लेखकांच्या एका साईटवर शीतल दोन वर्षं लिहीत होती. दिवसभर सेनगावला मेडिकलवर बसायचं, संध्याकाळच्या जीपनं साखऱ्याला यायचं आणि बाबांना बोलतं करायचं. तिच्या बाबांच्या, जळबांच्या गोष्टी गावात प्रसिद्ध. सोयाबीन कापायला आलेल्या बाया त्यांच्या शेजारची पात मागून घ्यायच्या. एवढ्या गोष्टी कुठून आणता, असं कुणी विचारलं की जळबा कपाळावर बोट ठेवून नुसते हसायचे. त्यातल्या सहा गोष्टी शीतलनं साईटवर टाकल्या. प्रत्येकीखाली 'माझ्या वडिलांची गोष्ट' असं अभिमानानं लिहिलं. वाचकांनी त्या डोक्यावर घेतल्या.

यंदा साईटवाले सगळ्यात लाडक्या लेखकाचं पुस्तक छापणार होते. जळबांची नजर अधू होत चालली होती. त्यांना दिसतंय तोवर त्यांचं नाव छापलेलं पुस्तक त्यांच्या हातात द्यायचं, एवढंच शीतलला हवं होतं.

आणि मध्येच ही कोमल उपटली. तिनं एकच गोष्ट टाकली आणि शीतलच्या सहाच्या सहा मागे पडल्या.

शीतलचा नुसता जळफळाट झाला. उठल्या उठल्या ती आधी कोमलच्या गोष्टीखालचं कौतुक वाचायची, मग चहा प्यायची, आणि तो चहाही कडू लागायचा. त्यात ही बया शीतलच्या गोष्टींखाली गोडगोड लिहायची, 'ताई, तुमची निवड फार सुंदर असते.' निवड म्हणे! गोष्टी म्हणजे काय बाजारातली वांगी?

पण सगळ्यात जास्त खुपलं ते वेगळंच. कोमलची गोष्ट तिनं बाबांना वाचून दाखवली, तर जळबा बराच वेळ गप्प बसून राहिले. मग म्हणाले, "लई चांगली हाय. पोरगी आपल्यातलीच वाटते." शीतलच्या लिहिण्यावर ते असे कधी गप्प झाले नव्हते. त्या दिवशी ती घरात कुणाशी धड बोलली नाही.

त्यानंतर तिनं शोधायचा सपाटाच लावला. जुन्या पुस्तकांच्या साईट पालथ्या घातल्या. शेवटी कोमलच्या गोष्टीतलं एक अख्खं वाक्य उचलून शोधात टाकलं आणि ती थेट त्या पानावर जाऊन पोचली. मागचीपुढची पानं उघडायला साखऱ्यात रेंज कुठली? आणि गरज तरी काय होती? हवं ते पान मिळालं होतं.

तिनं लगेच तक्रार केली. साईटवाल्यांनी कोमलची गोष्ट काढून टाकली आणि मूळ पुस्तकाची लिंक पहिल्या पानावर लावली. तसं शीतलनंच सुचवलं होतं. लोकांना मुळातलं पुस्तक वाचू द्या, म्हणजे चोरी ठळक दिसेल. आता पुस्तक तिचंच छापलं जाणार हे उघड होतं. इतकी गाढ झोप तिला कितीतरी दिवसांत लागली नव्हती.

कोमलचे फोन आले. तिनं उचलले नाहीत. एक मेसेज आला. 'ताई, ती लिंक काढायला सांगा. तुमच्याच भल्यासाठी म्हणते.'

"धमकी देऊन राहिली मला!" शीतलनं आईला तो मेसेज वाचून दाखवला.

मग मेडिकलच्या सुट्टीच्या दिवशी कोमल स्वतःच आली. कुरुंद्याहून दोन गाड्या बदलून, वर सेनगावची जीप. पंचविशीची, उन्हानं तापलेली पोरगी दारात उभी राहिली.

"एवढी तकलीफ काहून घेतली?" शीतल म्हणाली.

"भांडायला न्हाई आले, ताई. माझं चुकलंच." तिनं जळबांना वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या पायाशी बसली. "काका, एखादी गोष्ट सांगता का मला?"

जळबांची कळी खुलली. त्यांनी सुरुवात केली. भर दुपारी जनकाबाईही हातातलं काम टाकून बसल्या. कोमल डोळे मोठे करून ऐकत होती. चोरटी ती चोरटी, आणि वर बाबांच्या पायाशी बसून गोष्ट ऐकते, याचाही शीतलला राग आला.

गोष्ट संपली तेव्हा कोमलचा चेहरा उतरला होता. चहा न घेताच ती उठली. शीतल तिच्या मागोमाग अंगणात आली.

"ताई, काका अशाच सांगतात? तुमी लेकरू होता तवापासून?"

"मग?" शीतल फणकारली. "तुला काय वाटलं, मीबी तुझ्यासारखी पुस्तकातून उतरवते?"

कोमलनं घराकडं वळून पाहिलं. जळबा दारात येऊन हात हलवत होते. ती आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "व्हय, ताई. त्या पुस्तकात सातच गोष्टी हायेत. सहा तुमी घेतल्या होत्या, म्हणून राहिलेली मी घेतली."