कंगव्यातले केस

द्वारकाताई नेहमीसारख्या सूक्ष्मदर्शकासमोरच्या स्टुलावर येऊन बसल्या, तेव्हा शाल्मलीला सांगावंच लागलं. "हर्षलच्या पेशी गेल्या, ताई. बुरशी लागली."

त्यांचा हर्षल हृदयाच्या आजारानं आठवीत असतानाच गेला होता. तो असताना प्रयोगशाळेनं त्याच्या त्वचेपासून मूलपेशी बनवल्या होत्या आणि त्यांच्यातून शाल्मलीनं हृदयाच्या पेशी वाढवल्या होत्या. काचेच्या बशीत त्या चक्क धडधडायच्या. मुलगा गेल्यावरही द्वारकाताई ती धडधड बघायला यायच्या.

"गोठवून ठेवलेल्या असतील ना थोड्या?"

"त्यांतही बुरशी निघाली."

द्वारकाताईंनी पिशवीतून कंगवा काढला. "ह्यात त्याचे केस आहेत. मी धुतलाच नाही. ह्यातून पुन्हा वाढवा."

"गळलेल्या केसांत जिवंत काही नसतं, ताई."

"एकदा बघा तरी."

शाल्मलीनं एक केस काचेवर ठेवला आणि भिंगाला डोळा लावला. जे माहीत होतं तेच दिसलं. तरी ती बघत राहिली, कारण शेजारी द्वारकाताईंनी श्वास रोखून धरला होता.

"हलतंय काही?"

"नाही."

द्वारकाताईंनी हात पुढे केला. "मग तो केस परत द्या."