अण्णांचं घर

नवा राउटर बसवून माणूस गेला, आणि फिरून आलेले अण्णा दारातच थबकले.

"हे आमचं घर नव्हे," ते मृणालला म्हणाले. "आपण कोण?"

अण्णांच्या डोक्यातली चिप घराच्या वाय-फायला जोडली गेली, तरच त्यांना घरातलं सारं आठवे. सासरहून आलेल्या मृणालने नेटवर्कला जुनं नाव दिलं. पासवर्डही जुनाच हवा होता. पण तो आईने ठेवलेला, आणि आई गेल्याला वर्ष झालं होतं. मृणालने अकरा पासवर्ड ठेवून पाहिले. अकराही वेळा अण्णा परकेच राहिले.

मग तिने शेजाऱ्यांची दारं ठोठावायला घेतली. आईने कुणाला तरी दिला असणारच! तिसऱ्या दारात रेगुंडवारकाका कानकोंडे झाले.

"वहिनींनी दिला होता. अण्णांना सांगू नका म्हणाल्या. मी अजून वापरतो."

"आधी चला!"

रेगुंडवारांनी सांगितलेला पासवर्ड तिने टाकला. हिरवा दिवा लागला.

अण्णा चपला काढून आत आले. "मृणाल, कधी आलीस गं?" मग दाराकडे वळून म्हणाले, "काय रेगुंडवार, आज तुमच्या घरापर्यंत आमचं नेट पोचत नाही वाटतं?"